पॉड मारला तरी परत येतो : कुबरनेटिस शिकणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

प्रकरण तसं साधं आहे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालेली एक मुलगी, नात्यानं माझी भाची, विमाननगरच्या एका छोट्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन सपोर्टला आहे. लॉग बघायचे, तिकिटं बंद करायची, रात्रपाळीत एखादा सर्व्हर झोपला तर वरच्याला उठवायचं, असं काम. तिला प्लॅटफॉर्म टीममध्ये घ्यायचं ठरलं आणि साहेबांनी जाता जाता सांगितलं, ‘तोवर कुबरनेटिस बघून ठेव.’ कुबरनेटिस म्हणजे अनेक मशीनांवर कंटेनरमधली अ‍ॅप्स चालती ठेवणारी व्यवस्था. तिनं खरोखरच ते फक्त बघितलं. वनाझ ते रामवाडी मेट्रोत जाता-येता मोबाइलवर व्हिडिओमागून व्हिडिओ.

माझ्याकडे आली तेव्हा कुबरनेटिसच्या भागांची नावं सगळी पाठ होती. एपीआय सर्व्हर, ईटीसीडी, शेड्युलर, क्यूबलेट, क्यूब-प्रॉक्सी. कागदावर चौकोन काढून बाण दाखवले, आणि बाण बरोबर होते. ‘आता एखादं अ‍ॅप चढवून दाखव,’ म्हटल्यावर मात्र गप्प. मी सर्व्हर सांभाळण्याच्याच धंद्यात आहे. हाताखाली येणारी नवी पोरं बहुतेक याच अवस्थेत येतात, म्हणून तिचं शिकणं जरा तपशिलात मांडतोय. नवख्याचं कुठे अडतं आणि का अडतं, ते यात बऱ्यापैकी दिसतं.

चढवायला अ‍ॅप कोणतं घ्यायचं, यावरच आमचा पहिला वाद झाला. व्हिडिओतली मंडळी एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं स्वागताचं पान चढवून दाखवतात. ते कधी मोडत नाही, आणि जे मोडत नाही त्यातून शिकायला फार काही मिळत नाही. तिच्याकडे स्वतःचं अ‍ॅप होतं. ती ढोल-ताशा पथकात वाजवते. गणपतीच्या आधी नदीकाठी सराव चालतात तेव्हा रोजची हजेरी घ्यावी लागते. सराव बुडवणाऱ्याला मिरवणुकीत ओळ मिळत नाही. वहीवर ती हजेरी घेताना भांडणं व्हायची, म्हणून तिनं पायथन आणि त्यातलं फ्लास्क हे वेब-फ्रेमवर्क वापरून एक छोटं अ‍ॅप लिहिलं होतं, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. शे-दीडशे वादक, एक भाड्याचा छोटा सर्व्हर. तेच घ्यायचं ठरलं.

आधी नुसता कंटेनर

क्लस्टरला, म्हणजे कुबरनेटिसनं एकत्र बांधलेल्या मशीनांच्या गटाला, हात लावण्याआधी तिला अ‍ॅपचा कंटेनर करायला लावला. याला तिची कुरकुर होती. पण ज्याला कंटेनर म्हणजे नेमकं काय ते कळलेलं नाही, त्याला ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र हाकणं, शिकवून उपयोग नसतो. कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन नव्हे. ती लिनक्सवरची साधी प्रोसेस असते. तिला नेमस्पेसमुळे आपल्यापुरतंच जग दिसतं आणि सीग्रुपमुळे मेमरी-सीपीयूची मर्यादा पडते. सीग्रुप लिनक्स कर्नलमध्ये २००८ साली आले, कंटेनर बांधणारं आणि चालवणारं डॉकर २०१३ साली. डॉकरनं नवं काय केलं, तर अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे तयार गठ्ठ्यात, बांधून इकडून तिकडे नेणं सोपं केलं.

इमेज झाली, कंटेनर सुरू झाला, पोर्ट ५००० बाहेर उघडलं, आणि ब्राउझरमध्ये पान येईना. अ‍ॅप आतून व्यवस्थित चालू. फ्लास्क मुळात १२७.०.०.१ वर ऐकतो, आणि कंटेनरच्या आतला १२७.०.०.१ म्हणजे त्या कंटेनरपुरताच. पत्ता ०.०.०.०, म्हणजे बाहेरूनही ऐकणारा, केला, पान आलं. ही अडचण कुबरनेटिसमध्ये आली असती तर तिनं सर्व्हिस, इन्ग्रेस, प्रॉक्सी या रहदारी वळवणाऱ्या भागांत सगळीकडे शोधाशोध केली असती.

मग तिच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मिनिक्यूब, म्हणजे एकाच मशीनवर चालणारं छोटं कुबरनेटिस. त्याला दोन सीपीयू, दोन जीबी मोकळी मेमरी आणि वीस जीबी डिस्क पुरते. पैसे देऊन क्लाउडवर क्लस्टर घ्यायची शिकताना काहीच गरज नाही, आणि रात्री बंद करायला विसरलं की महिनाअखेरीस बिल घाम फोडतं.

डिप्लॉयमेंटची, म्हणजे कोणती इमेज किती प्रतींत चालवायची ते सांगणारी, फाइल तिनं एका जुन्या व्हिडिओतून उतरवली होती. लावली, तर उत्तर आलं की या आवृत्तीत असा प्रकारच नाही. व्हिडिओतल्या फाइलीत वरती ‘एक्स्टेन्शन्स/व्ही१बीटा१’ होतं. डिप्लॉयमेंटसाठी ते २०१९ मध्ये १.१६ आवृत्तीत काढून टाकलं, आता ‘अ‍ॅप्स/व्ही१’ लिहावं लागतं. कुबरनेटिस गूगलनं २०१४ साली जाहीर केलं, १.० आवृत्ती जुलै २०१५ ची, आणि आता वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात. त्यामुळे शिकताना व्हिडिओची तारीख आधी बघावी. २०२२ च्या १.२४ आवृत्तीत डॉकरला जोडणारा दुवा काढला, तेव्हा ‘कुबरनेटिसनं डॉकर सोडलं’ अशी केवढी ओरड झाली होती. प्रत्यक्षात डॉकरनं बांधलेल्या इमेजेस आजही तशाच चालतात, कारण इमेजचा साचा सगळ्यांचा एकच आहे. चालवायचं काम फक्त कंटेनरडीसारख्या प्रोग्रॅमकडे गेलं.

परत येणारा पॉड

फाइल दुरुस्त झाली, लागली. क्यूबसीटीएल ही कुबरनेटिसशी बोलायची कमांड, आणि पॉड म्हणजे एक किंवा जास्त कंटेनर असलेलं त्याचं सर्वांत लहान एकक. क्यूबसीटीएल गेट पॉड्स म्हटल्यावर समोर आलं ‘इमेजपुलबॅकऑफ’, म्हणजे इमेज आणता येत नाहीये. तिनं सपोर्टमध्ये शिकलेला उपाय केला: अडकलेलं मारायचं, म्हणजे नवं सुरळीत येतं. पॉड डिलीट केला. पुन्हा यादी काढली तर पॉड तिथेच, तीच तक्रार घेऊन. पुन्हा मारला. पुन्हा हजर.

‘मामा, हा मारला तरी परत येतोय.’

‘तोच येतोय का? नावाचं शेपूट बघ.’

नावाच्या शेवटची पाच अक्षरं दर वेळी वेगळी होती. म्हणजे जुना खरंच मेला होता, कुणीतरी नवा उभा केला होता. ‘कुणी केला ते शोध,’ एवढंच सांगितलं. क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड केल्यावर ‘कंट्रोल्ड बाय’ अशी एक ओळ दिसते. तिथे रेप्लिकासेटचं, म्हणजे पॉडची संख्या राखणाऱ्याचं, नाव होतं. रेप्लिकासेटला डिस्क्राइब केलं तर तिथे डिप्लॉयमेंटचं नाव. अशी ती स्वतःच वरपर्यंत चढत गेली.

माझ्या मते नवख्याच्या शिकण्यातला खरा उंबरठा हाच. कमांड पाठ होतात, फाइलींचं वायएएमएल लिहिता येतं, पण डोक्यात अजून हुकूम सोडायची सवय असते: हे सुरू कर, ते बंद कर. कुबरनेटिसला हुकूम फारसे देताच येत नाहीत. आपण लिहून ठेवतो की अमुक असायला हवं, ते ईटीसीडी या क्लस्टरच्या कोठारात जमा होतं, आणि कंट्रोलर नावाचे छोटे प्रोग्रॅम ‘असायला हवं’ आणि ‘प्रत्यक्षात आहे’ यांतला फरक सतत बघत तो मिटवायला धावतात. पॉड डिलीट करून तिनं प्रत्यक्षातलं बदललं होतं, लिहिलेलं तसंच होतं. मग फरक पडला आणि तो भरून काढला गेला.

हे तिला पटवायला मी तिच्याच पथकाकडे वळलो. ओळीत पंचवीस ढोल हवेत असं पथकप्रमुखानं ठरवलं की कुणी दमला तर मागचा ढोल बांधून पुढे येतो. प्रमुख माणसं मोजतो, अमुकच वादक हवा असं त्याचं नसतं. ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे मी वादकाला घरी पाठवत होते, आणि यादीत पंचवीस तसेच.’ यापुढे मला काही सांगायला लागलं नाही. डिप्लॉयमेंटच डिलीट केलं, पॉड गेले, परत आले नाहीत.

मूळ तक्रार इमेजची होती, ती यापुढे किरकोळ ठरली. तिची इमेज लॅपटॉपवरच्या डॉकरमध्ये होती, मिनिक्यूबचं इमेजचं कोठार वेगळं. शिवाय तिनं टॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्तीचं नाव, दिलाच नव्हता, म्हणजे तो ‘लेटेस्ट’ धरला गेला, आणि लेटेस्ट असेल तर कुबरनेटिस दर वेळी बाहेरच्या रजिस्ट्रीतच इमेज शोधायला जातं. तिथे ती नव्हतीच. १.० असा टॅग देऊन इमेज मिनिक्यूबमध्ये भरली, तीन पॉड उभे राहिले, तिन्ही ‘रनिंग’.

एका अक्षरानं घात

तीन पॉड चालू, त्यांच्यापर्यंत रहदारी पोचवणारी सर्व्हिस तयार, आणि ब्राउझरमध्ये काही नाही. इथे तिचे बरेच तास गेले, आणि ते जायलाच हवे होते, कारण यात कुठेही लाल अक्षर नाही. पॉड ठणठणीत. सर्व्हिसला पत्ता मिळालेला. लॉगमध्ये एकही चूक नाही. किंबहुना लॉगमध्ये काहीच नाही, कारण अ‍ॅपपर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

सर्व्हिसला डिप्लॉयमेंट ठाऊक नसतं. तिला ठाऊक असतात फक्त लेबलं. ‘या लेबलाचे जे कुणी पॉड असतील त्यांच्याकडे रहदारी पाठव,’ इतकंच तिला सांगितलेलं असतं. पथकाचं अ‍ॅप असल्यानं लेबल ‘हजेरी’, रोमन अक्षरांत. डिप्लॉयमेंटमध्ये ज नंतर ‘ई’ अक्षर, सर्व्हिसमध्ये ‘आय’. मराठी माणूस रोमन लिपीत लिहिताना हे दोन्ही तितक्याच सहजपणे लिहितो, आणि वाचताना दोन्ही बरोबरच वाटतं. दोन्ही फाइली शेजारीशेजारी उघडून बघूनही तिला फरक दिसत नव्हता.

सापडलं ते डिस्क्राइब सर्व्हिसमधून. ‘एंडपॉइंट्स’पुढे ‘नन’. सर्व्हिसच्या मागे कुणीही उभं नाही. एकदा ही ओळ दिसली की शोध फार आखूड होतो: लेबल चुकलं असेल, नाहीतर पॉड अजून तयार नसतील.

तिचा प्रश्न रास्त होता: ‘मग हे मला आधीच का नाही सांगत?’ कारण ही चूकच नाही. सर्व्हिस आधी लिहून ठेवायची, पॉड नंतर यायचे, हा पूर्णपणे वैध क्रम आहे. आज त्या लेबलाचा पॉड नाही, उद्या येईल. याउलट डिप्लॉयमेंटच्या आत सिलेक्टर (आपले पॉड ओळखायचं लेबल) आणि पॉडच्या साच्यातलं लेबल जुळलं नाही तर फाइली घेणारा एपीआय सर्व्हर ती फाइल दारातूनच परत पाठवतो, कारण ते कधीच जुळणार नसतं. कुठे तक्रार येते आणि कुठे येत नाही, याच्यामागे असा विचार आहे. तो कळला की सगळ्या प्रकाराचा जरा राग कमी होतो.

दर अर्ध्या मिनिटाला मरणारं अ‍ॅप

यानंतर पोस्टग्रेसही क्लस्टरमध्ये आणलं. पहिल्यांदा नुसतंच पॉड म्हणून, आणि पॉड गेला तशी सगळी हजेरीही गेली. शिकण्यासाठी भरलेली खोटी हजेरी होती, म्हणून बरं. पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, म्हणजे टिकाऊ जागेची मागणी, लिहिल्यावर ते मिटलं; मिनिक्यूबमध्ये जागा देणारी व्यवस्था तयारच असते. डेटाबेसचा पासवर्ड सीक्रेटमध्ये ठेवला. सीक्रेटमधला मजकूर बेस६४ मध्ये असतो आणि बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, कुणीही तो क्षणात उलगडू शकतो. ती फाइल गिटमध्ये टाकायची नाही, हे एकदा बजावलं.

मग एका संध्याकाळी ऑफिसमधून येऊन तिनं मिनिक्यूब सुरू केलं आणि अ‍ॅप उठेना. ‘क्रॅशलूपबॅकऑफ’, म्हणजे कंटेनर पुन्हा पुन्हा पडतोय. सकाळपर्यंत चालू असलेलं अ‍ॅप, कोडमध्ये एका ओळीचाही बदल नाही. लॉगमध्ये डेटाबेसशी जोडणी नाकारल्याची ओळ होती, म्हणून तिनं निदान केलं की डेटाबेस नाही म्हणून अ‍ॅप कोसळतंय. पण तोवर डेटाबेस उठून चांगला स्थिरावला होता, आणि अ‍ॅप तरीही पडलेलंच.

मी तिला मागच्या, मेलेल्या कंटेनरचा लॉग बघायला सांगितला. लॉग्जच्या कमांडला ‘प्रीव्हियस’ जोडलं की तो मिळतो. हा पर्याय व्हिडिओत क्वचितच दाखवतात आणि प्रत्यक्षात रोज लागतो. ती अ‍ॅप गुनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरखाली चालवत होती. शेवटच्या ओळी कोसळण्याच्या नव्हत्याच. गुनिकॉर्ननं लिहिलं होतं की टर्म सिग्नल आला, आता बंद होतोय. म्हणजे अ‍ॅप आपणहून मेलं नव्हतं, त्याला बाहेरून कुणीतरी थांबवलं होतं. डिस्क्राइबच्या तळाशी इव्हेंट्समध्ये नाव सापडलं: लाइव्हनेस प्रोब (कंटेनर जिवंत आहे का याची तपासणी) फेल, स्टेटस कोड ५००, म्हणजे सर्व्हरकडूनच चूक.

झालं असं होतं. तिनं लाइव्हनेस प्रोब अ‍ॅपच्या मुख्य पानावर लावला होता, आणि मुख्य पान डेटाबेसमधून आजची यादी काढतं. बाकी सगळं न लिहिता सोडलेलं, म्हणजे मूळचे आकडे लागू: दर १० सेकंदांनी विचारायचं, १ सेकंदात उत्तर हवं, ३ वेळा चुकलं की कंटेनर मारून नवा. मिनिक्यूब सुरू झालं तेव्हा सगळे पॉड एकदम उठले. आधी डेटाबेस, मग अ‍ॅप असा क्रम कुबरनेटिस पाळत नाही. डॉकर कंपोझची, म्हणजे एका मशीनवर अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाची, सवय असलेल्याला हे चटकन उमगत नाही. पोस्टग्रेस तयार व्हायला वेळ लागला, तोवर मुख्य पान ५०० देत राहिलं, आणि अर्ध्या मिनिटात क्यूबलेटनं, म्हणजे मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं, अ‍ॅप मारलं. पुन्हा मारलं. दोन सुरुवातींमधली थांबण्याची वेळही वाढत जाते: १० सेकंद, २०, ४०, करत ५ मिनिटांपर्यंत. पोस्टग्रेस उठलं तेव्हा अ‍ॅप ही लांबलेली रांग संपायची वाट बघत होतं. अ‍ॅपमध्ये खोट नव्हती. खोट प्रोबला काय विचारायचं ठरवलं, त्यात होती.

लाइव्हनेसचा प्रश्न असा असायला हवा, की ज्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर कंटेनर पुन्हा सुरू केल्यानं खरंच फायदा होईल. डेटाबेस नसेल तर अ‍ॅप शंभर वेळा सुरू करूनही काय होणार? तो प्रश्न रेडिनेस प्रोबचा. रेडिनेस नापास झाला तर कंटेनर मरत नाही, फक्त पॉडला सर्व्हिसच्या मागच्या रांगेतून बाजूला काढतात आणि पास झाला की परत घेतात. तिनं दोन वेगळे पत्ते केले. एक डेटाबेसला न विचारता नुसतं ‘ठीक’ म्हणतो, दुसरा डेटाबेसला विचारतो. मग मुद्दाम पोस्टग्रेस पाडलं. एंडपॉइंट्सची ओळ रिकामी झाली, थोड्या वेळानं पुन्हा भरली, आणि मधल्या काळात एकही कंटेनर मेला नाही. लेबलाच्या वेळी शिकलेली ओळ इथे अशी कामी आली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नवख्यानं पहिले काही महिने लाइव्हनेस लावूच नये. रेडिनेस लावावा. चुकीचा लाइव्हनेस धडधाकट अ‍ॅप मारतो. तो मुळातच नसेल तर कोसळलेली प्रोसेस क्यूबलेट तसाही पुन्हा सुरू करतोच.

मेमरीच्या मर्यादा आणि मागण्यांवर फार वेळ गेला नाही. तीन पॉडना प्रत्येकी चार जीबी मागितले, पॉड कुठे बसवायचा ते ठरवणाऱ्या शेड्युलरनं दोन-तीन पॉड ‘पेंडिंग’मध्ये बसवून ठेवले, कारण शेड्युलर मागणी बघतो, प्रत्यक्ष वापर बघत नाही. मेमरी लिहिताना ‘एम’ आणि ‘एमआय’ यांत गल्लत नको, एवढं सांगितलं. नुसता छोटा ‘एम’ म्हणजे हजारावा भाग, ४०० एम म्हणजे अर्ध्या बाइटहून कमी.

एक गोष्ट मात्र तिला मनापासून आवडली. नवी आवृत्ती चढवताना तिनं टॅग चुकीचा लिहिला, नसलेली इमेज. घाबरून अ‍ॅप उघडलं तर अ‍ॅप व्यवस्थित चालू. रोलिंग अपडेटमध्ये, म्हणजे जुने पॉड थोडे थोडे करून बदलताना, मूळचं प्रमाण पंचवीस टक्के जादा आणि पंचवीस टक्के कमी असं असतं. तीन पॉडचे पंचवीस टक्के म्हणजे पाऊण. जादाचा आकडा वर ओढला जातो, म्हणून एक नवा पॉड. कमीचा खाली, म्हणून जुना एकही काढायचा नाही. नवा पॉड इमेज शोधत अडकून पडला आणि जुने तिन्ही काम करत राहिले. रोलआउट अनडू केलं आणि विषय संपला. हा हिशेब तिनं कागदावर स्वतः मांडला.

नोड बंद केल्यावर

पथकाचं खरं अ‍ॅप कुबरनेटिसवर नेलं का? नाही. शे-दीडशे जणांची हजेरी घ्यायला एक सर्व्हर आणि डॉकर कंपोझ भरपूर आहे. त्यासाठी क्लस्टर सांभाळणं म्हणजे पुढच्या वर्षी ती पथकात नसेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात धोंड बांधणं. इन्ग्रेस, हेल्म, परवानग्यांचं आरबीएसी यांना आम्ही अजून हात लावलेला नाही, आणि ऑफिसमध्ये काम सुरू होईपर्यंत लावायची घाईही नाही.

अलीकडे तिनं स्वतःहून दोन नोडचं, म्हणजे दोन आभासी मशीनांचं, मिनिक्यूब उभं केलं. डेटाबेस वगळून नुसतं अ‍ॅप चढवलं आणि ज्यावर पॉड होते तो दुसरा नोड बंद केला. नोड पाऊणएक मिनिटात ‘नॉटरेडी’ झाला, पण पॉड पहिल्या नोडवर येईनात. तिनं फोन केला नाही, काही मारलंही नाही. पॉडला डिस्क्राइब केलं आणि खालची ‘टॉलरेशन्स’ची ओळ मला पाठवली: नोड आवाक्याबाहेर गेला तर ३०० सेकंद तग धरायचा, असं क्लस्टरनं प्रत्येक पॉडवर न विचारताच लिहून ठेवलेलं असतं. खाली तिनं टाकलं होतं, ‘पाच मिनिटं थांबते.’ सहाव्या मिनिटाला नव्या यादीचा फोटो आला, नवे पॉड सगळे पहिल्या नोडवर, शेपटं नवीन.